पट्टीसाठी मागितलेला नायट्रोजन

अजूनही कुणाची गाय गाभण राहिली नाही असं कानावर आलं की मी तिथून उठून जाते. हसा खुशाल.

नव्वदच्या दशकात मी सांगलीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे आणि पीएच.डी. करायचे. विषय अतिवाहक पट्टीचा. बोटभर चंदेरी पट्टी, पण द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली की तिच्यातून वीज कसल्याही अडथळ्याविना वाहायची. मोठी नखरेल बया! नायट्रोजन आटून जराशी तापली की प्रवाह घटला. चुंबक जवळ आणलं की आणखी घटला, आणि चुंबकाचा रोख तिच्या पसरट अंगावर सरळ आला तर विचारूच नका.

नायट्रोजन मिळायचा जनावरांच्या दवाखान्यात. गाई भरवायला वळूच्या गोठवलेल्या रेताच्या कांड्या तिथं नायट्रोजनच्या कॅनमध्ये ठेवत. तिथले डॉक्टर कवठे महांकाळकडचे, सरळ माणूस. मी थर्मास न्यायचे, ते भरून द्यायचे.

एप्रिलातल्या एका दुपारी चुंबक फिरवून मोजमापं घेत होते आणि ऐनवेळी नायट्रोजन संपला. धावत दवाखान्यात गेले.

"आवं ताई, तळाला उरलाय. गाडी उद्या येणार. कांड्या उघड्या पडत्याल."

"एका दिवसानं काय होतंय? परत थंड होतीलच की!" मी फणकारले.

माझी पट्टी तापली तरी पुन्हा बुडवली की पहिल्यासारखी व्हायची. मी कांड्यांनाही तोच न्याय लावला. मी शिकलेली, कॉलेजातली, त्यांनी ऐकलं आणि उरलेला माझ्या थर्मासात ओतला.

माझा आलेख सुरेख आला. कांड्या तापल्या, आतलं रेत मेलं. दिसायला मात्र होत्या तशाच, आणि त्यांनी त्या गावोगाव वापरल्या. मग गाई उलटू लागल्या, गाभण न राहता पुन्हा माजावर येऊ लागल्या. हळूहळू डॉक्टरांना कुणी गोठ्यात घेईना. शेवटी त्यांनी शिराळ्याकडं बदली मागून घेतली.

पण मला छळतो तो बदलीच्या आधीचा एक दिवस. मी दवाखान्यात थर्मास घेऊन उभी होते. एक म्हातारी तरातरा आत आली. तिची एकच गाय, तीही दोनदा उलटलेली.

"तुजा हातच वंगाळ हाय रं! माज्या दावणीला पुन्यांदा येऊ नगंस!"

चार माणसं ऐकत होती. डॉक्टरांनी एकदा माझ्याकडं पाहिलं.

"व्हय आजी," ते म्हणाले, "चुकलं माझं."

म्हातारी गेली. सांग, आता तरी सांग, असं माझं मन ओरडत होतं. मी तोंड उघडलं आणि विचारलं, "आज नायट्रोजन मिळेल का?"

त्यांनी कॅनचं झाकण काढलं.