रडायची मुभा असलेलं नाटक

पोरगी रडली म्हणून मागं एकदा मला शहरातल्या जुन्या नाट्यगृहातून बाहेर काढलं होतं. तेव्हापासून मी तिकडं फिरकले नव्हते. आता तिथंच रविवारी दुपारी तान्ह्या लेकरांच्या आयांसाठी प्रयोग होतो म्हणे! बघू तर खरं, म्हणत पुंडलिकनगरहून तणतणतच रिक्षा केली.

नाटक ऐन रंगात आलं आणि पोरीनं भोकाड पसरलं. सवयीनं मी उठले. रंगमंचावरची राणी संवाद तोडून म्हणाली, “ताई, जाऊ नका. तिचं रडून होऊ द्या, आम्ही थांबतो.”

खरंच सगळे थांबले. त्या शांततेनं पोरगी बावरून गप्प झाली. नाटक पुढं सुरू झालं, मी मात्र डोळे पुसत तशीच उभी.

मागून एक बाई ओरडली, “ओ ताई, बसा की आता! माझ्या लेकराला दिसंना झालंय!”