परीक्षेला कुणी बसायचं नाय

पोलीस ॲक्शननंतर निजामाचं राज्य गेलं तेव्हा औरंगाबादेत आम्ही पेढे वाटले होते. पुढं काही वर्षांनी कचेरीत हुकूम आला, यापुढं कामकाज मराठीत चालेल. मला आनंद व्हायला हवा होता. घरात मी मराठीच बोलायचो. पण शिक्षण सगळं उर्दूत झालेलं, नोकरीही उर्दूत. बाळबोध लिपीत लिहायला घेतलं की एका ओळीला घाम फुटायचा.

शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाचीही हीच गत. तो माझा जिवलग. त्याच्या लग्नात पिशोरपर्यंत बैलगाडीत त्याच्या शेजारी मीच बसलो होतो. नव्या साहेबांनी मराठीची परीक्षा जाहीर केली तेव्हा त्यानंच आम्हा सगळ्यांना चहाच्या हॉटेलात गोळा केलं.

"कुणीच बसायचं नाय," तो म्हणाला. "सगळेच गैरहजर राहिलो तर साहेब कुणाकुणाला काढतील? मुदत द्यावीच लागंल."

आम्ही सगळे व्हय म्हणालो.

माझी बायको नगरकडची. माहेरी मराठी शाळेत चार इयत्ता शिकलेली. ती म्हणाली, "अहो, मी शिकवते की तुम्हाला."

"नको. शब्द दिलाय."

परीक्षेच्या दिवशी तो सासुरवाडीला गेलाय, असंच आम्ही समजत होतो. आठवडाभरानं शिपायानं त्याचं टेबल उचललं आणि साहेबांपुढं कागद मांडणाऱ्या पेशकाराच्या, म्हणजे बढतीच्या जागेवर नेऊन ठेवलं. आमच्यातला तो एकटा परीक्षेला बसला होता आणि पास झाला होता. शहागंजातल्या एका मास्तरांकडं तो रोज पहाटे शिकवणीला जायचा, हे मागाहून कळलं. हॉटेलातल्या त्या बैठकीच्याही आधीपासून.

माझी रवानगी रेकॉर्डच्या खोलीत झाली, जुन्या उर्दू दफ्तरांपाशी. मी त्याला जिन्यात गाठलं.

"मला एकट्याला तरी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू बी बसला असतास," तो म्हणाला. "पेशकाराची जागा एकच होती."

त्यानं शिवी दिली असती तरी चाललं असतं. त्याच्या आवाजात राग नव्हता, शरमही नव्हती. दुकानदारानं माल संपला म्हणून सांगावं, तसं त्यानं सांगितलं आणि वर निघून गेला.

संध्याकाळी मी पाटी घेऊन बायकोपुढं बसलो. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आता शब्दातून सुटलात ना?" आणि जोडाक्षरांपासून सुरुवात केली.

पुढच्या परीक्षेत मी पास झालो, रेकॉर्डमधून बाहेर आलो. त्या दिवशी त्यानं येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बघ, जमलं की! उगाच रुसला होतास."

त्याच्या लेखी मी रुसलो होतो! मी खांदा काढून घेतला.

मग हैदराबाद राज्य मोडलं, आम्ही मुंबई राज्यात गेलो, नंतर महाराष्ट्र झाला. दरवेळी कायदे बदलले, रीत बदलली. दरवेळी मी सगळ्यांआधी शिकून मोकळा झालो, आणि काय शिकतोय ते कुणाला कळू दिलं नाही. बढत्या मिळाल्या. नवीन पोरांना साहेब माझं उदाहरण द्यायचे.

एकदा जेवताना हे मी बायकोला कौतुकानं सांगितलं.

"शिकलात खरं," ती म्हणाली. "पण त्या सालापासून तुम्ही एकही दोस्त घरी आणला नाही."

"कुणाला आणू?" मी म्हणालो.

ती भाकरी वाढत राहिली. तिचं बरोबर होतं. पण कचेरीतल्या माणसावर भरवसा ठेवणं मला पुन्हा जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी तसा प्रयत्नही केला नाही.