कापूस भरलेली टांगती कुंडी

जळगावच्या फ्लॅटमध्ये मी एकटाच. बोलायला कुणीतरी हवं म्हणून सदाफुली आणली आणि गॅलरीत टांगली. कुंडी हलकी राहावी म्हणून तळाशी शेतावरचा कापूस ठासून भरला. कापसाहून हलकं काय असणार? पण पाणी घालताच कापूस प्यायलाच बसला आणि संध्याकाळी कुंडी हुकासकट धाडकन खाली!

खालच्या मजल्यावरच्या अक्का धावत आल्या. "भाऊ, तुम्ही पडले का काय?"

"मी नाही अक्का, सदाफुली पडली."

"कुंडीत कापूस भरता का कोणी? थर्माकोलचे तुकडे भरा, ते पाणी पीत नाहीत."

चहा पिऊन, मला पोटभर हसून त्या गेल्या.

मी हुक परत ठोकला आणि कुंडीत थर्माकोल भरला. कुंडी आता झकास टिकली आहे. तेव्हापासून दाराची बेल काही वाजलेली नाही. चहा पिताना मी त्या हुकाकडे मोठ्या आशेनं बघत बसतो.