गाडी कोण बघणार?

रोह्याशेजारच्या अष्टमी गावात एलिजा अष्टमकरांच्या तेलाच्या दुकानामागे पत्र्याच्या शेडमध्ये एक फियाट उभी असायची, आणि एलिजाकाकांना गाडी चालवता येत नव्हती. एकदा शिकायला गेले होते. कुंडलिका नदीच्या पुलाच्या तोंडाशी समोरून एसटी आली, काकांनी स्टिअरिंग सोडून दोन्ही हात डोळ्यांवर ठेवले आणि शिकवणाऱ्याने तिथल्या तिथे त्यांना कोपरापासून नमस्कार केला. पुन्हा काकांनी तो हट्ट धरला नाही.

गाडी धाकट्या भावाची, डॅनियलची. ब्याऐंशी साली बायको आणि दोन लहान मुलींना घेऊन तो इस्रायलला गेला, तेव्हा ती इथे ठेवून गेला. दादा, तू यायला निघालास की विकून टाक, म्हणाला. आता दादा निघायचं नाव काढीनात. भाऊ दर पत्रात बोलवायचा आणि काकांचं ठरलेलं उत्तर जायचं: येणार तर आहेच, पण गाडी कोण बघणार? चांगलं गिऱ्हाईक मिळू दे. गिऱ्हाईकं येत होती. पेणहून आली, वडखळचा एक हॉटेलवाला तर पैसे खिशात घालून आला होता. काका त्यांना चहा पाजायचे आणि गाडीतले दोष असे रंगवून सांगायचे की माणूस अर्धा कप टाकून उठायचा.

खरी गोष्ट अशी की त्यांना जायचंच नव्हतं. पण त्यांच्या ज्यू समाजात हे मोठ्याने बोलण्याजोगं नव्हतं. वल्हांडणाच्या सणाला, पुढच्या वर्षी यरुशलेमात असू, असं सगळ्यांबरोबर काकाही म्हणत, तेही मनापासून, आणि म्हणून झालं की कुणी खरंच तिकीट काढून आणतंय की काय या धास्तीने इकडेतिकडे बघत. एकेक घर इस्रायलला जात राहिलं. काकांना आपलं दुकान आवडायचं. शुक्रवारी ऊन उतरलं की शब्बाथासाठी, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीसाठी, फळ्या लावणं आवडायचं. शनिवारी तेल मिळणार नाही हे ठाऊक असूनही लोक बंद दुकानावरून जाताना हाक मारून जात, तेही आवडायचं. आता एवढ्याशा आवडीसाठी पवित्र देशाला आणि सख्ख्या भावाला नाही कसं म्हणायचं? माणूस भिडस्त. मग दर खेपेला गाडी पुढे करून वेळ मारून न्यायची.

म्हणजे गाडी चालू असणं भाग होतं. बंद पडलेली गाडी भंगारवाला नेतो, तिला बघायला कोणी मागे राहायची गरज नसते.

त्यामुळे दर रविवारी सकाळी काका शेड उघडत, चावी फिरवत, दहाएक मिनिटं इंजिन चालू ठेवून बंद करत. मग तेलाची बाटली निघे. पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा धंदा केलेलं घराणं. बिजागरी कुरकुरली, लाव तेल, कुलूप अडलं, लाव तेल, कान ठणकला, घाल तेल. बॉनेटखाली हात पोचेल तिथे काकांनी खोबरेल चोपडलं होतं. चुलतभाऊ सायमन होता तोवर तो महिन्यातून एकदा गाडी कोलाडपर्यंत फिरवून आणायचा. गेल्या वर्षी सायमनही इस्रायलला गेला आणि तेव्हापासून गाडी शेडबाहेर पडली नव्हती.

पंच्याण्णवच्या जानेवारीत डॅनियल पहिल्यांदा भेटीला येत होता. या वेळी तुला घेऊनच जाणार, असं त्याने फोनवर बजावलं होतं. तो पोचायचा त्या शुक्रवारी सकाळी काकांनी चावी फिरवली. नुसतं टक्‌ झालं. पुन्हा फिरवली, तर तेवढंही नाही.

त्यांनी कान्हू म्हात्रेला बोलावलं. कान्हू मूळचा पेणच्या खाडीकाठचा. बाप मिठागरात राबला, हा जीप घेऊन रोह्याला आला आणि धाटावच्या कंपन्यांत शिफ्टवाल्यांची ने-आण करू लागला. त्याने जीप शेडच्या तोंडाशी लावली आणि आपल्या बॅटरीपासून फियाटच्या बॅटरीला दोन जाड वायरी जोडल्या. चावी फिरवली. टक्‌.

"काका, ह्ये काय?" बॅटरीच्या दोन्ही टोकांवर तेल, धूळ आणि हिरवट खार यांचा थर बसला होता.

"खोबरेल. गंजू नये म्हणून."

"हितं तेल चालत नाय. हितं धातूला धातू उघडा भिडाया लागतो."

काकांनी गरम पाणी आणलं, कान्हूने ते ओतून टोकं पॉलिशपेपरने घासली, बॉडीला जाणारी वायरही सोडवून खरवडली. आता गाडीचा दिवा पेटला. काकांचा जीव भांड्यात पडला. चावी फिरवली, आणि दिवा मंद होऊन पुन्हा टक्‌. कान्हूला वाटलं, स्टार्टर अडकला. गाडीखाली शिरून त्याने स्टार्टरवर पान्ह्याने चार ठोके घातले. काही फरक पडला नाही. तो बाहेर आला, पाठ झाडली, बिडी ओढली आणि मग बॅटरीची बुचं उघडून एकेका कप्प्यात डोकावला. एका कप्प्यातलं पाणी काळंठिक्कर होतं.

"हिच्या आतल्या प्लेटी झडल्यात. ही माझ्या बॅटरीचा जोर पन आपनच पितेय, इंजिनाला काय पोचू देत नाय."

"अरे, पण मी दर रविवारी चालू करत होतो."

"उभ्या जागीच ना?"

"मला कुठं चालवता येते?"

"चालू कराया जेवढी जाते, तेवढी उभ्या गाडीत भरून येत नाय, काका. गाडी पळाया लागते. दर रविवारी तुमी थोडी थोडी रिकामीच केलीत तिला."

कान्हूने ते साध्या आवाजात सांगितलं, पण काकांना फार लागलं. इतकी काळजी घेऊन हातात हे आलं. ते डब्यावर बसून राहिले.

कान्हूला बघवेना. त्याने मेलेली बॅटरी काढून बाजूला ठेवली, जीपमधली काढून फियाटमध्ये बसवली. इंजिन दोनदा खोकलं, शेडभर धूर झाला आणि गाडी सुरू झाली. काका उठून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते धुरावर ढकललं.

"ऱ्हाऊ द्या माझी बॅटरी सांजपावेतो," कान्हू म्हणाला. "डॅनियलकाकांनी एकदा आवाज आयकला का झालं. तुमाला जायाचं नाय ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"आख्ख्या अष्टमीला म्हायती हाय. वडखळचा तो हॉटेलवाला हसत होता, म्हनं विकनारा मानूस सोताच्या गाडीची एवढी बदनामी करत नाय."

काका ओशाळले. मग म्हणाले, "आणि तुझी दुपारची शिफ्ट?"

"बघतील ती मानसं त्यांचं."

पुलाजवळ उभी राहणारी ती माणसं काकांना ठाऊक होती. निम्मी त्यांच्याच दुकानातून तेल नेत. जीप आली नाही तर त्यांचा खाडा होणार. आणि कशासाठी? तर एका म्हाताऱ्याच्या तोंडून 'नाही' निघत नाही म्हणून. त्यांनी स्वतःच चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"काढ तुझी बॅटरी," ते म्हणाले. "जा वेळेवर."

डॅनियल आला तो दुपार कलल्यावर. केस पिकलेला, अंगाने सुटलेला. दोघे भाऊ गळ्यात पडून रडले. चहा झाला आणि डॅनियलने हसत विचारलं, "काय म्हणते गाडी?"

"मेली," काका म्हणाले. "बॅटरी गेली. भंगारात द्यायची."

"चला, सुटलो एकदाचे. म्हणजे आता तुझी काही अडचण उरली नाही."

काकांनी कप खाली ठेवला. "गाडीची अडचण कधीच नव्हती रे. मला यायचंच नाय. तुला नाय म्हणवत नव्हतं, म्हणून गाडीच्या आड लपत होतो."

त्यांना वाटलं, भाऊ चिडेल, धर्माच्या गोष्टी सांगेल. डॅनियलने कप बाजूला सारला.

"दादा, तुझी खोली आहे तिकडे," तो म्हणाला. "पलंग आहे, कपाट आहे. तू येतो येतो म्हणायचास. मुली मोठ्या झाल्या, एका खोलीत भांडायला लागल्या, तरी ती उघडली नाही. रूथ आता सैन्यात आहे. रजेवर येते तेव्हा हॉलमध्ये गादी टाकून झोपते. बाबा, ती खोली द्या ना, म्हणते. मी सांगतो, काका येणार आहेत."

काकांना हे कोणी कधी कळवलं नव्हतं. आपल्या सबबीचा कुणाला त्रास नाही, असं इतकी वर्षं धरून चालले होते. त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली.

"पोरगी घरी असेल आता?"

"शुक्रवार आहे. आलेली असेल."

"मग चल. दिवस बुडून शब्बाथ लागायच्या आत."

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये डॅनियलने नंबर लावला, लेकीशी दोन शब्द बोलला आणि रिसीव्हर भावाकडे दिला.

"रूथ, मी एलिजाकाका. ती खोली तुझी गो. आत्ताच सामान आत ने."

पलीकडून अडखळत्या मराठीत तिने विचारलं, "पण काका, मग तुम्ही कुठे झोपणार?"

"मी हितंच झोपतो गो," काका म्हणाले. "अष्टमीत."