शब्बाथच्या आधीचा फोन

आमच्या घराण्यात मीच पहिला बी.ए. दुबईत जबल अलीच्या कामगार कॅम्पमधली माणसं भर उन्हात कंपनीच्या बसची वाट बघत उभी असतात, ही माझी पहिली बातमी. ती घेऊन मी शारजातल्या रोल्ला भागातल्या एका छोट्या साप्ताहिकात गेलो. संपादक मूळचे अलिबागकडचे ज्यू, सगळ्यांचे काका. बातमी पुटपुटत वाचायचे आणि पसंत पडली की चष्मा कपाळावर ढकलायचे. माझी वाचून ढकलला.

शुक्रवारी पानं छपाईला पाठवताना त्यांचा फोन वाजला. बातमीतल्या बसकंपनीचा मालक, त्याला कुणकुण लागलेली. सगळ्यात मोठी जाहिरात त्याचीच. सूर्य मावळला की काकांचा शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा वार, लागतो, मग ते फोनला हात लावत नाहीत.

मी म्हटलं, “काका, उचलू नका. शब्बाथ लागला होता म्हणून सांगू परवा.”

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. “बी.ए.साहेब, सूर्य अजून वर आहे. देवाच्या आड लपून पेपर काढू होय?”

फोन उचलून म्हणाले, “हबीबी, बातमी छापणार. जाहिरात काढायची तर आत्ताच सांग.”

जाहिरात गेली. तिच्या जागी त्यांनी बसची वाट बघणाऱ्यांचा फोटो मोठा करून लावला, पानं पाठवली आणि फोन बंद केला. बाहेर अजून ऊन होतं.