बल्लीवर बसणारा माणूस

"भागो रे! अरे, पंगत सोडा, बाहेर निघा सगळे!" काका मांडवात उभे राहून ओरडत होते आणि त्यांच्या डोक्याशी मधली बल्ली, मांडवाचा लाकडी खांब, धनुष्यासारखी वाकत होती. देवासचं लग्न, वैशाखाची दुपार आणि एक वावटळ. नवरदेव पाटासकट पळाला. विहीणबाई जिलबीची परात छातीशी धरून मैदानापार गेल्या. मग कडाड! बल्ली मधोमध मोडली आणि अख्खा मांडव श्रीखंडावर बसला. कुणाला खरचटलंही नाही. मेलो तो मी, कारण ती बल्ली मी पास केली होती.

काकांचा मांडव भाड्याने द्यायचा धंदा; आमच्या टेंट हाउसात बल्ली निवडायची रीत एकच. धार गावच्या लाकडाच्या वखारीत दोन दगडांवर बल्ली आडवी टाकायची आणि मधोमध मला बसवायचं. बोटभर वाकली तर घ्यायची, वीतभर वाकली तर परत. जाडी काका मुठीने पाहायचे, ताकद माझ्या बुडाने. एकशेदहा किलो, तेही सकाळी उपाशीपोटी! मी फाटकातून शिरलो की कच्च्या बल्ल्या आपणहून मागे सरकतात, असं वखारवाला शपथेवर सांगायचा. "आओ भिया, काकाजी का काटा आ गया!" अशी वजनकाट्याच्या नावाने हाक मारायचा. तीस वर्षं हेच चाललं. काकू ताटात वाढताना म्हणायची, "घे अजून एक पोळी, धंद्याचं वजन आहे ते." मला ते प्रेम वाटायचं.

दिवाळीनंतर मी ओसरायला लागलो. पट्ट्याला खिळ्याने तीन नवी भोकं पाडली. डॉक्टरांनी साखर सांगितली. रोज माझ्या मांडीला मांडी लावून जेवणाऱ्या घरच्या अकरा माणसांपैकी एकानेही विचारलं नाही, काय रे, असा उतरलास का? मीही बोललो नाही. काटाच हलका झाला म्हटल्यावर मला कोण ठेवतो? अंग भरलेलं दिसावं म्हणून एकावर एक तीन सदरे चढवले, धारला गेलो आणि बल्लीवर बसलो. बोटभरच वाकली.

"वा! लोखंड आहे, लोखंड!" काका म्हणाले.

लोखंड कसलं! माझ्याखाली आता केळीचा खांबही तगला असता. मला ठाऊक होतं. तरी मी मान डोलावली.

मांडव गुंडाळून झाल्यावर मोडक्या बल्लीपाशी मी काकांना सगळं सांगून टाकलं. साखर, गोळ्या, उतरलेले अठ्ठावीस किलो, तीन सदरे. वाटलं, शिव्या देतील, देऊ देत, पण मग तरी विचारतील, बरा आहेस ना?

काकांनी मोडका तुकडा पायाने उलटा केला, आतला भाग पाहिला.

"मग पुढच्या खेपेला वाळूचं पोतं नेऊ," ते म्हणाले.