दोघी जावा अंदमानला

अंदमानला जायचं आम्ही ठरवलं नव्हतं, ते आम्हाला लागलं. थोरले दीर आणि आमचे यजमान यांनी मिळून शेतात ठिबकचा संच बसवला, दुकानदाराने सोडत काढली आणि चिठ्ठी आमची निघाली: दोन जोडप्यांची अंदमान सहल, विमानासकट. निमगाव केतकीच्या पुढे आमची वस्ती. तिथे आजवर सोडतीत लागलेली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे पाण्याचा जार. तिकिटं हातात येईपर्यंत कुणाचाच विश्वास बसला नाही.

तेव्हा पहिली सूचना ही, की जानेवारीतली सहल ऊसवाल्या नवऱ्याच्या भरवशावर ठरवू नका. निघायच्या तीन दिवस आधी कारखान्याची तोडणी टोळी आमच्या फडात येऊन उतरली. टोळी फडात आणि मालक समुद्रावर, हे काही दोघा भावांना शोभेना. तारीख बदलून मिळत नव्हती. मग सासूबाईंनी निकाल दिला.

"त्यांची तिकिटं गेली तर जाऊ द्यात. तुमची कशापायी वाया घालवायची? तुमी दोघी जावा."

या वाक्यातलं "जावा" हे नाम की क्रियापद, हे बावीस वर्षं प्राथमिक शाळेत मराठी शिकवूनही मला ठरवता आलं नाही. दोन्ही अर्थांनी पंचाईतच होती, कारण अक्का, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, तीन वर्षं माझ्याशी बोलत नव्हत्या.

कारण सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अक्कांच्या रोहिणीला बघायला अकलूजकडचे पाहुणे आले होते. मी पोहे फिरवत होते. पाहुण्यांपैकी एकाने सहज विचारलं, पोरगी बारावी एका दमात झाली ना? सगळे गप्प. मी म्हणाले, नाही, एकदा राहिली, मग निघाली. पाहुण्यांनी पोहे संपवले, चहा घेतला, कळवतो म्हणाले आणि कळवलं नाही. त्या दिवसापासून अक्का मला "मॅडम" म्हणतात, तेसुद्धा दुसऱ्या कुणाला सांगताना. मॅडमना सांगा, मोटर बंद करा. मॅडमना सांगा, दूध नासलंय. हे निरोप पोचवण्याचं काम सासूबाई करायच्या. मी पण हट्टी. खरं बोलण्याबद्दल माफी कसली मागायची, असं माझं म्हणणं.

असो. इंदापूर स्टँडवरून पहाटेची एसटी धरा, महामार्ग मोकळा असेल तर पुण्यात वेळेत पोचता. विमान चेन्नईला बदलावं लागतं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी हातातल्या पिशवीत चालते. तेल सुटलेलं लोणचं चालत नाही, ते मोठ्या बॅगेत टाका. आमच्या पिशवीत बरणी सापडली. ही कुणाची, असं तपासणीवाल्या बाईने विचारल्यावर अक्कांनी न बोलता माझ्याकडे बोट दाखवलं. बरणी त्यांची होती. तरी तीन वर्षांतला तो आमचा पहिला थेट संबंध, म्हणून मी मुकाट्याने ऐकून घेतलं.

पोर्ट ब्लेअरचं नाव आता श्रीविजयपुरम झालंय, पण विचारताना जुनं नाव घेतलं तरी सगळे सांगतात. हॉटेलवाल्यांना चाराऐवजी दोन माणसं येणार एवढंच कळलेलं, म्हणजे एक जोडपं, एक खोली. त्यामुळे आमच्या खोलीत एकच पलंग, त्यावर टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून बसवलेले आणि सभोवती गुलाबाच्या पाकळ्या. आम्ही दोघी दारात उभ्या राहून बघत होतो. मग अक्कांनी पाकळ्या वेचून रुमालात बांधल्या, बहुधा देवासाठी, एक हंस उलगडून त्याला तोंड पुसलं आणि पलंगाच्या पायथ्याकडे डोकं करून झोपल्या. माझ्या उशीशेजारी त्यांचे पाय. सहल सुरू झाली.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी लक्षात आली. सासूबाई निमगावात राहिल्या होत्या. निरोप द्यायला माणूसच नव्हता. ही जबाबदारी आमच्या गाडीचा चालक तपन याच्यावर आली. तपन बंगाली, त्याला मराठी येत नव्हतं, अक्कांना हिंदी येत नव्हतं. "भैया, मॅडमको बोलो, टोपी घालो, ऊन लई हाय." तपन आरशातून माझ्याकडे बघायचा आणि प्रामाणिकपणे सांगायचा, "मॅडम, टोपी." मी म्हणायचे, त्यांना सांग, मला कळतं. संध्याकाळपर्यंत त्याला कळून चुकलं, की या दोघी एकमेकींचं सगळं ऐकू शकतात. त्याने विचारलं काहीच नाही. चांगला चालक शोधत असाल तर असा शोधा.

हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, बोटीने जावं लागतं. बोटीचं तिकीट आधी काढा, सुट्टीच्या दिवसांत ऐनवेळी मिळत नाही. उलटीची गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्या आणि मधल्या भागात बसा. मी पुस्तकात वाचलं होतं, की समुद्राकडे बघत बसलं तर त्रास होत नाही, म्हणून खिडकी धरली. पाऊण तासात पिशवी धरली. अक्का खडखडीत होत्या. त्यांनी कनवटीचं लिंबू काढून शेजारच्या प्रवाशाच्या हातात दिलं आणि माझ्याकडे बोट केलं. त्या भल्या माणसाने ते पुढे सरकवलं. मी चोखलं. आभारही त्याचेच मानले. तपन आधीच्या बोटीने पुढे गेला होता, बेटावरची गाडीही तोच चालवणार होता.

बेटावर घड्याळ आपलंच असतं, सूर्य मात्र आपला नसतो. पाचला उजाडायला लागतं आणि जानेवारीत संध्याकाळी साडेपाचलाच अंधार. उशिरा उठणाऱ्यांचा अर्धा दिवस तिथेच जातो. आमचा गेला नाही, कारण धारा काढणाऱ्या अक्कांना सुट्टीतही चारलाच जाग येते. नारळपाणी आपल्याकडच्यापेक्षा फार महाग नाही, जेवण मात्र जरा सढळ हाताने धरा, कारण तिथे भाजीसुद्धा बोटीने येते. ही माहिती तपनने दिल्यावर अक्का ताटातल्या भेंडीकडे बराच वेळ बघत राहिल्या. त्या स्वतः शेतात भेंडी-गवार करतात. मग तपनला म्हणाल्या, असली जून भेंडी आमच्या बाजारात म्हशीला घालतात. तपन मला म्हणाला, "मॅडम, भिंडी."

राधानगर किनारा सगळे सांगतात तेवढाच सुंदर आहे, त्याबद्दल मी वेगळं काही लिहीत नाही. पांढरी वाळू, मागे उंच झाडांचं रान, पुढे निळं पाणी. लोक कवितेतलं बोलत होते. अक्कांनी पदर खोचला, ओंजळभर पाणी जिभेला लावून बघितलं आणि थुंकल्या.

"एवढं पाणी," त्या म्हणाल्या, "अन् एक वाफा भिजत न्हाय."

हे त्या तपनला म्हणाल्या, पण तपन वर गाडीपाशी होता. मी हसले. त्यांनी ऐकलं, पण वळून बघितलं नाही.

चौथ्या दिवशी एलिफंट बीच. छोट्या बोटीने नेतात, तिथे तोंडाला मुखवटा आणि नळी लावून पाण्याखालचं प्रवाळ दाखवतात. पोहता येत नसलं तरी चालतं, असं सांगतात. गळ्यात ट्यूब असते, बरोबर माणूस असतो. साडी चालत नाही, म्हणून आम्ही दोघींनी भाड्याचे काळे पोशाख चढवले. अशा वेशात घरातलं कुणी बघत नाही, हे बेटाचं मोठं सुख. मला वाटलं होतं अक्का काठावर बसतील. त्या सरळ चालत गेल्या, कमरेएवढ्या पाण्यात ट्यूब काढून गाईडच्या हातात दिली आणि पोहायला लागल्या. अंग तिरकं करून, लांब लांब हात मारत, जसं विहिरीत पोहतात तसं. एका घरात चोवीस वर्षं काढली आणि मला माहीत नव्हतं, की या बाईला पोहता येतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

मी छातीएवढ्या पाण्यात उतरले, तोंड खाली घातलं आणि मुखवट्यात पाणी शिरलं. नाकातोंडात खारं गेलं. पाय उचलले गेले, ते खाली टेकेनात. ट्यूब होती, गाईड चार हातांवर होता, बुडण्यासारखं काही नव्हतं, हे सगळं आता लिहिताना कळतंय. तेव्हा फक्त भीती होती. मी हात झाडत होते आणि कुणीतरी मनगट पकडलं.

"पाय झाडू नगं. सोड पाय. पाणी धरतंय तुला. मी हाय."

मी पाय सोडले. पाण्याने खरंच धरलं. अक्कांनी माझा मुखवटा काढला, पाणी ओतून परत नीट बसवला आणि मनगट न सोडता मला पुढे नेलं. खाली पिवळे-निळे मासे होते, मेंदूसारखे दिसणारे दगड होते. मला त्यातलं थोडंच आठवतं. मनगट आठवतं. काठावर आल्यावर त्या गाईडकडे वळून म्हणाल्या, "मॅडमको बोलो, नाक शिंकरो." म्हणजे सगळं पूर्ववत झालं होतं.

परतीच्या दिवशी वारा उठला आणि बोट दुपारपर्यंत सुटली नाही. असा दिवस धरूनच विमानाचं तिकीट काढा, बोट आणि विमान एकाच दिवशी ठेवू नका. तपन आम्हाला धक्क्यावर सोडून गेला होता. पत्र्याच्या शेडमध्ये बाकावर आम्ही दोघी आणि दोन बॅगा. निरोप द्यायला कुणी नाही. तासभर तशाच बसलो.

मग मीच म्हणाले, "अक्का, मी त्या दिवशी खोटं बोलले नव्हते."

"खोटं कोण म्हणतंय." त्या समुद्राकडे बघत होत्या. "खरंच बोललीस. पण त्या वक्ताला घरात मास्तरीण नको हुती. पोरीची चुलती पायजे हुती."

तीन वर्षं मी माझ्या बाजूचे मुद्दे जमवत होते. प्रामाणिकपणा, पाहुण्यांची फसवणूक, उद्या कळलंच असतं, असे पुष्कळ होते. त्यातला एकही त्या बाकावर उपयोगाला आला नाही. मी म्हणाले, "चुकलं माझं."

अक्का म्हणाल्या, "मला नगं सांगू. त्या दिवशी साडी नेसून आत कोण बसलं हुतं? तिला सांग."

बोट आली. या वेळी मी मधल्या भागात बसले, अक्कांनी लिंबू कापून अर्धं माझ्या हातावर ठेवलं.

घरी आल्यावर लोक विचारतात, काय काय आणलं. शिंपले आणू नका, विमानतळावर काढून घेतात. आम्ही खोबऱ्याचं तेल आणि काळवंडलेली तोंडं आणली. ऊस तुटून गेला होता, फड मोकळा झाला होता. बेटाबद्दल मी मैत्रिणींना सांगते ते एवढंच: जरूर जा, नोव्हेंबर ते मार्च जा, आणि ज्या माणसाशी बोलणं बंद आहे त्यालाच बरोबर घ्यायचं असेल तर निदान एक दिवस जास्तीचा ठेवा.

पुढच्या रविवारी मी बारामतीला गेले. रोहिणीचं लग्न दोन वर्षांपूर्वी झालं, जावई एमआयडीसीत आहेत, ती घरीच ब्लाउज शिवते. मी एकटी आलेली बघून तिला नवल वाटलं. मी एसटीत बरंच काही ठरवलं होतं, प्रत्यक्षात दोन वाक्यांत उरकलं. पाहुण्यांसमोर मी तुझ्याबद्दल बोलले, ते बोलायला नको होतं. चुकलं.

रोहिणी मशीनवर कापड तसंच धरून बसली. "काकू, ते स्थळ गेल्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "पण मी नापास का झाले, ते तुम्ही कधी विचारलं नाही."

मी आता विचारलं.

"त्या वर्षी मला फळ्यावरचं दिसायचं बंद झालं होतं. चष्मेवाल्या पोरीला स्थळं येत नाहीत, असं सगळे म्हणायचे, म्हणून मी कुणाला बोललेच नाही. दुसऱ्यांदा घरी बसून पुस्तक डोळ्याजवळ धरून अभ्यास केला, तर निघाले. लग्नानंतर एसटीची पाटी वाचता येईना, तेव्हा ह्यांच्या लक्षात आलं."

आमच्या शाळेत दरवर्षी डोळे तपासायला माणसं येतात. कुठलं पोर डोळे बारीक करून फळा बघतंय, त्याची यादी मीच करून देते. रोहिणी तेव्हा माझ्या खोलीपासून वीस पावलांवर राहत होती.

मी मोबाइल काढला. एलिफंट बीचवरच्या गाईडने पाण्यातला एक फोटो पाठवला होता. काळे पोशाख, काळे मुखवटे, नुसती डोकी आणि हात. रोहिणीने चष्मा वर सारला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला.

"ह्यात आई कुठली?"

"जिने दुसरीचा हात धरलाय, ती."

तिने फोटो अजून मोठा केला आणि बघत राहिली. "तुम्ही लई घाबरलाय, काकू," ती म्हणाली.

"हो," मी म्हणाले.

ती मशीनवरून उठली आणि चहा ठेवायला आत गेली. मीही मागोमाग आत गेले.